सेंट अँड्र्यूजला निघालेल्या मित्रास

सोलापूर,
चैत्र वद्य पंचमी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र शनिवारी मिळाले. जूनमध्ये तू आणि वहिनी मुलीकडे एडिंबराला जाणार आहात आणि जावईबापू स्वतःबरोबर तुझेही नाव सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या गोल्फच्या मैदानावर खेळायच्या सोडतीत घालणार आहेत, हे वाचल्यावर मी लगेच कपाटातून चार वर्षांपूर्वीचे माझे स्कोअरकार्ड काढले. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्याच संध्याकाळी मी बारीक अक्षरात काही टिपणे केली होती. होलवार, म्हणजे मैदानाच्या अठरा टप्प्यांपैकी एकेक घेऊन, लिहून पाठव, असे तू म्हणतोस, म्हणून ती समोर ठेवून हे पत्र लिहीत आहे. सोडत खेळण्याच्या दोन दिवस आधी निघते, तेव्हा पहिल्या वेळी नाव लागले नाही तर धीर सोडू नकोस आणि हँडिकॅपचा, म्हणजे आपल्या खेळाच्या पातळीचा, दाखला विसरू नकोस.

माझा तिथला अनुभव मोठा नाही. मुलगा डंडीला शिकत होता तेव्हा टे नदीवरचा पूल ओलांडून बसने सेंट अँड्र्यूजला मी बऱ्याचदा गेलो, पण ओल्ड कोर्सवर पूर्ण फेरी एकदाच झाली. फेरी शुक्रवारी झाली आणि त्यानंतरच्या रविवारी मी तोच कोर्स पायी फिरलो. रविवारी तिथे खेळ बंद असतो आणि गावातली माणसे मुलाबाळांना व कुत्र्यांना घेऊन फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या खेळायच्या पट्ट्यावर, फिरतात. त्या फिरण्यात मला जे दिसले ते शुक्रवारी दिसले असते तर माझे निदान आठ फटके वाचले असते, असे मला आजही वाटते. म्हणून पहिली विनंती हीच, की खेळण्याआधीचा एखादा रविवार राखून ठेव आणि अठराव्या ग्रीनपासून (चेंडू शेवटी खळग्यात घालायची हिरवळ) सुरुवात करून पहिल्या टीपर्यंत (पहिला फटका मारायची जागा) उलट चालत ये. उलट का, ते बाराव्या होलपाशी सांगतो.

तिथली जमीन पाहून मला आपले नान्नजचे माळरान आठवले. शाळेत असताना आपण माळढोक पाहायला सायकलीवरून गेलो होतो, ते आठवते का? झाड नाही, लहान लहान चढउतार, आखूड वाळके गवत आणि आडवा येणारा वारा. फक्त तिथे गवताखाली मुरुमाऐवजी वाळू आहे आणि टोकाला ईडन नदीची खाडी आहे. पुण्यातल्या पाणी दिलेल्या गवतावर चेंडू पडतो आणि थांबतो. तिथे तो टप्पा घेतो आणि पळतो, कधी चाळीस यार्ड पळतो, आणि जमिनीच्या उतारावर वळतही जातो. उंच उडवलेल्या चेंडूला वारा हवे तिकडे नेतो. तेव्हा ग्रीनच्या बाहेर तीस-चाळीस पावलांवर असलास तरी आधी हात पटरकडे, म्हणजे चेंडू जमिनीवरून ढकलायच्या क्लबकडे (काठीकडे), जाऊ दे. वेज, म्हणजे चेंडू उंच उडवणारा क्लब, बाहेर काढायची ती मध्ये बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, किंवा ओढा असेल तरच.

आता ज्यावर सगळा खेळ उभा आहे ते सांगतो. हा कोर्स गावापासून निघून खाडीकडे जातो, तिथे सातव्यापासून अकराव्यापर्यंत एक वळसा घेतो आणि जवळजवळ त्याच पट्ट्याने परत येतो. जाताना आणि येताना मिळून तो घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. त्यामुळे डावीकडे बहुतेक ठिकाणी शेजारच्या होलचा फेअरवे लागतो, म्हणजे मोकळी जागा. आणि उजवीकडे कोर्सची बाहेरची कड, म्हणजे जाताना गॉर्सची काटेरी झुडपे व रफ म्हणजे वाढलेले गवत, तर येताना भिंत, जुन्या रेल्वेची हद्द, हॉटेल आणि शेवटी गावातला रस्ता. तुझा चेंडू उजवीकडे वळतो हे मला पस्तीस वर्षांपासून माहीत आहे. टीवर उभा राहिलास की तुझ्या नेहमीच्या नेमापेक्षा वीस यार्ड डावीकडे नेम धर. मात्र डावी बाजू फुकट मिळत नाही. टीवरून डावीकडे गेलेल्या चेंडूपासून ग्रीनकडे पाहिले, की बहुधा मध्ये एखादा बंकर किंवा उंचवटा येतो आणि दुसरा फटका कठीण होतो. उजव्या कडेने धोका पत्करणाऱ्याला ग्रीन मोकळे दिसते. तुला-मला तो धोका परवडणारा नाही, म्हणून आपण डावीकडून जायचे आणि दुसऱ्या फटक्याला खळग्यातला झेंडा विसरून ग्रीनच्या मोकळ्या बाजूला चेंडू न्यायचा, एवढे आधी ठरवून टाक.

बंकर टाळण्यावर मी इतका भर का देतो तेही सांगतो. कोर्सवर ११२ बंकर आहेत. टायगर वूड्सने २००० साली इथे ओपन ही मोठी स्पर्धा जिंकली तेव्हा चारही फेऱ्यांत त्याचा चेंडू एकाही बंकरमध्ये गेला नव्हता आणि तो १९ अंडर पार होता, म्हणजे पारपेक्षा (ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा) १९ फटके कमी. तिथल्या बंकरची पुढची भिंत गवताच्या ढपल्यांचे थर एकावर एक रचून उभी केलेली असते, आपल्याकडे कडब्याची गंजी रचतात तशी. चेंडू त्या भिंतीच्या पायथ्याशी गेला तर पुढे मारण्याचा विचार सोडून बाजूला किंवा सरळ मागे काढायचा. मी अकराव्याला हा नियम मोडला, ते पुढे येईलच.

पहिल्या होलला, म्हणजे बर्नला, घाबरायचे कारण एकच, की पाठीमागे क्लबहाउस असते आणि माणसे पाहत उभी असतात. पहिल्या आणि अठराव्याचा फेअरवे एकच आहे, इतका रुंद की आपले पार्क मैदान आठवावे, आणि या दोन्ही होलवर एकही बंकर नाही. उजवीकडची हद्द सोडून कुठेही मार. धोका ग्रीनला लागून वाहणाऱ्या स्विल्कन बर्न नावाच्या ओढ्याचा आहे. तो अगदी ग्रीनच्या पुढच्या काठाशी आहे, त्यामुळे थोडक्यात कमी पडलेला चेंडू थेट पाण्यात जातो. ड्राइव्हनंतर, म्हणजे टीवरच्या लांब फटक्यानंतर, दीडशे यार्डांपेक्षा जास्त राहिले तर ओढ्याच्या अलीकडे तीस-चाळीस यार्डांवर चेंडू ठेव आणि तिथून वेजने ओलांड. ओलांडताना एक क्लब मोठा, म्हणजे जास्त लांब मारणारा, घे, कारण ग्रीनच्या मागे काहीच अडचण नाही.

दुसऱ्याला मात्र डावीकडे चीप्स नावाचा बंकर बसलेला आहे, म्हणून तिथे तुझा नेम मध्यावर असू दे आणि ड्रायव्हर या सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबऐवजी तीन नंबरचे वुड पुरे. तिसऱ्यावर मी वर सांगितलेली किंमत पहिल्यांदा मोजावी लागते. उजवीकडे लहान बंकरांची रांग आहे म्हणून आपण डावीकडे जातो, आणि तिथून पाहिले की कार्टगेट नावाचा मोठा बंकर ग्रीनच्या डाव्या अंगात घुसलेला दिसतो. झेंडा त्याच्यामागे असेल तर त्याच्याकडे पाहूच नकोस. ग्रीनच्या उजव्या भागावर चेंडू सोड आणि दोन पटमध्ये, म्हणजे पटरच्या दोन फटक्यांत, पार घे. चौथा लांब आहे, तुला तीन फटके लागतील असे गृहीत धर आणि पुढे जा.

ग्रीनविषयी इथेच सांगतो. सात ग्रीन दुहेरी आहेत, एकाच ग्रीनवर जाणारा आणि येणारा असे दोन होल. त्या दोन होलांचे आकडे मिळवले की प्रत्येक वेळी अठरा येतात: दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, असे आठवा आणि दहावा यांच्यापर्यंत. जाताना पांढरे झेंडे, येताना लाल. थकल्यावर चुकीच्या झेंड्याकडे मारणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून फटक्याआधी रंग बघ. पाचव्या आणि तेराव्याचे ग्रीन तर एवढे मोठे आहे की त्यावर पोहोचूनही माझा पट पस्तीस पावलांचा होता. पाचवा पार पाचचा आहे. उजवीकडे सात बंकर आहेत, डावीकडे मोकळे आहे. दुसऱ्या फटक्यात ग्रीनच्या अलीकडच्या चढावर असलेल्या स्पेक्टॅकल्स या दोन बंकरांच्या मागे थांब. ग्रीनच्या पुढे खोलगट घळ आहे; थोडे कमी पडलेले सगळे चेंडू तिच्यात परत येतात. तिसऱ्या फटक्याला एक क्लब जास्त घे.

सहाव्याला टीवरून फेअरवे दिसत नाही. कॅडीने, म्हणजे क्लब वाहून वाट दाखवणाऱ्या सोबत्याने, दाखवलेल्या रेषेवर विश्वास ठेव. सातव्याला ग्रीनच्या पुढे शेल नावाचा रुंद बंकर आहे आणि अकराव्याचे खेळाडू तुझ्या वाटेवरून आडवे जातात, तेव्हा थांबून त्यांना जाऊ दे. आठवा पार तीनचा आहे. पुढच्या बंकरच्या पलीकडे पोहोचेल एवढा क्लब घेतला की झाले. नववा आणि दहावा आखूड आहेत. नवव्याला फेअरवेच्या मध्यभागी दोन बंकर आहेत, त्यांच्या अलीकडे आयर्नने, म्हणजे कमी लांब मारणाऱ्या क्लबने, थांब. ग्रीन एवढे सपाट आणि उघडे आहे की पन्नास यार्डांवरून पटरने चेंडू घरंगळत नेता येतो. बर्डीची, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी लागण्याची, आशा धरावी अशी जागा म्हणजे ही आणि दहावी. दहाव्याला बॉबी जोन्स या अमेरिकन गोल्फपटूचे नाव दिले आहे.

त्याच जोन्सची गोष्ट अकराव्यावर घडली. १९२१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, इथल्या हिल बंकरमध्ये अडकल्यावर त्याने फेरी तिथेच सोडून दिली. पुढे १९२७ साली त्याने याच कोर्सवर ओपन जिंकली आणि १९५८ साली गावाने त्याला मानाचे नागरिकत्व दिले. हा होल पार तीनचा आहे आणि माझ्या मते कोर्सवरचा सर्वांत कठीण आखूड होल आहे. डावीकडे हिल बंकर, उजवीकडे पुढे स्ट्रॅथ बंकर, आणि ग्रीनला मागून पुढे इतका उतार, की मागे गेलेला चेंडू परत आणताना पट थांबतच नाही. मी पाच नंबरच्या आयर्नने मारलेला चेंडू वाऱ्याने डावीकडे ढकलला आणि तो हिलमध्ये गेला. मी आत उतरलो तेव्हा भिंतीची कड माझ्या डोक्याच्या वर होती. गवताच्या थरांमधून ओलसर मातीचा वास येत होता आणि चेंडू भिंतीपासून जेमतेम वीतभर दूर होता. कॅडी म्हणाला, मागे काढा. माझ्या मनात पार होता, म्हणून मी पुढे मारले. चेंडू भिंतीला लागून माझ्या बुटाशेजारी आला. दुसऱ्यांदाही तेच झाले. तिसऱ्यांदा मी मागे वळलो आणि एका हलक्या फटक्यात बाहेर आलो. त्या होलवर माझे सात झाले. तू टीवरून मुद्दाम थोडे कमी मार, दोन्ही बंकरांच्या मधल्या गवतावर चेंडू पडेल एवढेच. तिथून चढाचा पट मिळतो, आणि चढाचा पट तुझ्या हातचा आहे. चार झाले तरी समाधान मान.

आता बारावा. टीवरून पुढे स्वच्छ मोकळा फेअरवे दिसतो आणि आखूड होल म्हणून हात शिवशिवतात. माझा ड्राइव्ह मधोमध गेला, उत्तम वाटला, आणि जाऊन पाहतो तर तो एका बंकरमध्ये होता, जो टीवरून अजिबात दिसत नाही. रविवारी उलट चालत आलो तेव्हा मात्र फेअरवेच्या मध्यभागी असलेल्या सगळ्या बंकरांची तोंडे माझ्याकडे होती. कारण सरळ आहे: पूर्वी हा कोर्स उलट्या दिशेनेही खेळला जात असे. १८७० च्या सुमारास पहिल्या होलला स्वतंत्र ग्रीन झाल्यावर आजची दिशा हळूहळू पक्की झाली, पण बंकर होते तिथेच राहिले. समोरून येणाऱ्याला दिसावेत म्हणून असलेले बंकर आता पाठमोऱ्या जाणाऱ्याला दिसत नाहीत. तू ते रविवारी नीट पाहून ठेव, अंतर पावलांनी मोज आणि खेळताना त्यांच्या अलीकडे राहणारा क्लब घे. ग्रीन अरुंद आहे, एखाद्या ओट्यासारखे. त्यावर धावत चढवलेला चेंडू उडवलेल्या चेंडूपेक्षा बरा.

तेराव्याला कॉफिन्स नावाचे बंकर वाटेत आहेत. त्यांच्या डावीकडून सहाव्याच्या फेअरवेवर जा.

चौदाव्यासाठी थोडी शक्ती आणि पुष्कळ संयम राखून ठेव. पार पाच, आणि उजवीकडे पूर्ण ड्राइव्हभर दगडी भिंत, तिच्यापलीकडे आउट ऑफ बाउंड्स, म्हणजे हद्दीबाहेर. डावीकडे बीअर्डीज नावाचे बंकर. मधल्या सपाट पट्ट्याला एलिजियन फील्ड्स म्हणतात आणि चांगले खेळाडू तिथेच उतरतात, पण उजवीकडे वळणाऱ्या चेंडूने त्या भिंतीजवळ जाऊ नये. तू बीअर्डीजच्याही डावीकडे, सरळ पाचव्याच्या फेअरवेवर मार. मग दुसरा फटका त्याच फेअरवेवरून, हेल बंकर उजव्या हाताला ठेवून. हा बंकर ग्रीनच्या शंभरएक यार्ड अलीकडे आहे आणि खोली दहा फुटांच्या आसपास. १९९५ च्या ओपनमध्ये जॅक निकलसला त्यातून बाहेर पडायला चार फटके लागले आणि होलवर त्याचे दहा झाले, ज्याने याच कोर्सवर दोनदा ओपन जिंकली होती त्याचे. डावीकडून गेले तर हा होल चार फटक्यांत ग्रीनवर आणि दोन पट, एवढ्यात नक्की होतो. मी तसेच खेळलो आणि सहा घेतले; त्या दिवशी मी सर्वांत शहाणपणाने खेळलेला होल तोच.

पंधरावा सोपा आहे, गावातला चर्चचा मनोरा समोर दिसतो, वाऱ्याचा अंदाज घेऊन खेळ. सोळाव्याला फेअरवेच्या मध्यावर प्रिन्सिपल्स नोज नावाचे तीन बंकर आहेत. त्यांच्या आणि उजवीकडच्या जुन्या रेल्वेच्या हद्दीमध्ये एक चिंचोळी वाट आहे. तिकडे पाहूही नकोस. डावीकडे भरपूर जागा आहे.

सतरावा म्हणजे रोड होल. पार चार आहे, पण ओपनच्या वेळी तो ४९५ यार्डांचा असतो आणि रोजच्या टीवरूनही आपल्याला तो पाचाचाच समजावा लागतो. टीसमोर उजवीकडे हॉटेलच्या आवारातली शेड येते, जिथे पूर्वी रेल्वेच्या शेड होत्या, आणि सरळ रेषा तिच्यावरून जाते. हॉटेल आउट ऑफ बाउंड्स आहे. तू डावीकडे, दुसऱ्याच्या फेअरवेच्या बाजूला मार. तिथून ग्रीन आडवे आणि निमुळते दिसते. त्याच्या पोटात रोड बंकर आहे आणि मागे उतरून रस्ता, रस्त्यापलीकडे दगडी भिंत. १९७८ साली जपानचा त्सुनेयुकी नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर होता; त्याचा पट उतारावरून वळून रोड बंकरमध्ये गेला, बाहेर पडायला चार फटके लागले आणि होलवर नऊ झाले. १९८४ साली शेवटच्या दिवशी टॉम वॉटसनचा दुसरा फटका ग्रीन ओलांडून रस्त्यावर, भिंतीजवळ गेला, आणि त्याच वेळी पुढच्या ग्रीनवर सेवे बायेस्तेरोसने बर्डी करून ओपन जिंकली. बंकर आणि रस्ता या दोघांपासून दूर अशी जागा एकच आहे: ग्रीनच्या पुढे, उजव्या अंगाला. दुसरा फटका ग्रीनच्या साठ-सत्तर यार्ड अलीकडे, तिसरा त्या उजव्या कोपऱ्यासमोर, आणि तिथून पटरने उतार चढवून वर. झेंडा बंकरच्या मागे असेल तरी रेषा बदलू नकोस.

अठराव्याला स्विल्कनचा छोटा दगडी पूल ओलांडताना फोटो काढ, पण टीवरचा फटका मारून झाल्यावर. नेम क्लबहाउसच्या घड्याळावर धर, उजवीकडे रस्ता आणि दुकाने आहेत. मधून एक सार्वजनिक रस्ता जातो, माणसे ओलांडत असतील तर थांब. ग्रीनच्या पुढे डावीकडे व्हॅली ऑफ सिन नावाचा खोलगट भाग आहे. १९९५ साली कोस्तांतिनो रोक्काने शेवटच्या होलवर तिथूनच पट मारून चेंडू थेट होलमध्ये घातला आणि जॉन डॅलीशी प्लेऑफ घडवून आणला, जो तो पुढे हरला. आपण त्या खळग्याच्या उजवीकडून, एक क्लब जास्त घेऊन पोहोचायचे. हे ग्रीन बांधणारा ओल्ड टॉम मॉरिस चार वेळा ओपन जिंकलेला होता आणि होलला त्याचेच नाव आहे.

सरावाविषयी एवढेच, की मे महिन्यात आठवडाभर इकडे ये. ज्वारी निघाल्यावर आमच्या शेताजवळचा मुरमाड माळ मोकळा आणि कडक असतो. पुण्यातल्या मऊ गवतापेक्षा त्यावर चेंडू ओल्ड कोर्ससारखा पळतो. चाळीस पावलांवरून पटरने आणि सात नंबरच्या आयर्नने खालून घरंगळत नेणे, हे दोनच फटके रोज सकाळी ऊन चढायच्या आत करू. वाऱ्यात खेळायचा सराव हवा असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थांब, तोवर पश्चिमेचा वारा इथे सुरू झालेला असतो. वहिनींना सांग की शेंगा चटणी आणि कडक भाकरी बांधून ठेवतो, विमानात न्यायला चालतात. माझे कार्डही तुझ्याबरोबर देईन. रविवारच्या फिरण्यात टिपणे पडताळून पाहा आणि जिथे माझे चुकले असेल तिथे पेन्सिलीने खूण करून आण.

वहिनींना नमस्कार, मुलीला आणि जावईबापूंना आशीर्वाद.

तुझा,
बालमित्र